हाताची हजेरी

सुरतेहून दक्षिणेकडे निघालेला लोहमार्ग उधन्याला दुभंगतो. एक फाटा नवसारी-वलसाडवरून मुंबईस जातो, तर दुसरा बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर अशी खानदेशाची वाट धरून जळगावास पोहोचतो. या दुसऱ्या वाटेने गेल्या कित्येक दशकांत जी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस आली, त्यांतील पुष्कळांच्या संसाराचा आरंभ उधना, लिंबायत, पांडेसरा येथील मागांच्या खात्यांत झाला, आणि म्हणूनच गुजरातेतील या औद्योगिक वस्तीत आजही अहिराणी कानी पडते व महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग भरतात. ज्या घरातील बाप बारा-बारा तास मागांपुढे उभा राहिला, त्याच घरातील मुलगा आता संगणकापुढे बसून साडीच्या काठाची नक्षी आखतो, किंवा भरतकामाच्या यंत्राने कोणता टाका कोठे घालावा याचा तपशील, ज्याला येथील बाजारात ‘पंचिंग’ म्हणतात, तो सिद्ध करतो.

अशा कार्यालयांतील एक दृश्य मी वारंवार पाहिले आहे. नक्षीकार जागेवरून उठतो, कारण छपाईच्या यंत्रावर रंग बरोबर उतरला की नाही हे पाहण्यास खालून त्याला हाक आलेली असते, किंवा व्यापारी नमुना घेऊन दारात उभा असतो, किंवा जेवणाची सुट्टी झालेली असते. तो निघून जातो, आणि त्याच्यामागे उजळलेला पडदा, फिरणारा पंखा आणि दर सेकंदास शेकडो वेळा जागा होणारा प्रोसेसर यांसह तो संगणक रिकाम्या खोलीत तेवत राहतो. खोली सोडताना दिवा मालवावा हा संस्कार आपल्या घराघरांत आहे. परंतु संगणकाचा दिवा मालवणे तितके सोपे नाही, कारण त्यात अर्धवट काम उघडे असते, आणि परतल्यावर सगळी मांडामांड पुन्हा करणे कोणालाच नको असते. म्हणून मालवण्याची ही जबाबदारी यंत्राकडेच सोपवावी लागते. आणि ती सोपवली की लगेच प्रश्न उभा राहतो तो हा, की माणूस समोरून उठून गेला, हे यंत्राने जाणावे कसे?

उधन्यातील मागांना हा प्रश्न अपरिचित नाही. धागा तुटल्यावरही माग चालत राहिला तर निघते ते सदोष कापड, आणि जळते ती फुकट वीज. लँकेशायरमध्ये १८४१-४२च्या सुमारास विल्यम केनवर्दी आणि जेम्स बुलो यांनी यंत्रमागात ज्या सुधारणा केल्या, त्यांत बाण्याचा काटा ही एक होती: बाण्याचा धागा जागेवर असला की त्याच्या दाबाने हा हलका काटा कलतो, धागा नसला की तो कलत नाही, आणि मागून येणाऱ्या आकड्यात सापडून माग बंद करणारी दांडी ओढली जाते. ताण्यासाठी पुढे पातळ पोलादी पट्ट्या आल्या. प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पट्टी लटकते, धागा ताठ असेतो ती लटकलेलीच राहते, आणि धागा तुटताच खाली पडून माग थांबवते. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्याची कीर्ती याच गुणावर उभी आहे की धागा तुटला तर तो स्वतःहून थांबतो, आणि त्यामुळे एका कामगाराला पुष्कळ मागांवर लक्ष ठेवता येते. या सर्व युक्त्यांत एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती पोलादी पट्टी धाग्याला क्षणोक्षणी ‘तू आहेस ना?’ असे विचारीत नाही. ती स्वस्थ लटकते, आणि जे घडावयाचे ते घडले तरच हालते.

संगणकापाशी असा धागा म्हणजे माणसाचा हात होय. कळफलकावरची कळ दाबली गेली किंवा माउस सरकला की त्या घटनेची इत्तला प्रथम ऑपरेटिंग सिस्टीमला पोहोचते; ती त्या घटनेची वेळ आपल्या दप्तरी टिपून ठेवते, आणि मगच तो संदेश ज्या आज्ञावलीसाठी असेल तिच्याकडे रवाना करते. विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून ‘गेट-लास्ट-इनपुट-इन्फो’ नावाची एक सोय आहे, जी विचारणाऱ्या आज्ञावलीस एवढेच सांगते की यंत्र सुरू झाल्यापासून कितव्या मिलिसेकंदास हाताची शेवटची हालचाल नोंदली गेली. मॅकमध्ये आणि लिनक्समध्ये याच अर्थाच्या सोयी निराळ्या नावांनी आहेत. आताच्या वेळेतून ती वेळ वजा केली की स्तब्धतेचा काळ हाती येतो. हिशेब वरवर पाहता पहिलीतल्या मुलाचा आहे. पण त्यातही एक खड्डा आहे. विंडोजमधील ही मिलिसेकंदांची गणती ३२ बिटांच्या कप्प्यात मावते, म्हणून सुमारे ४९.७ दिवसांनी ती भरून पुन्हा शून्यावर येते, आणि वजाबाकी निष्काळजीपणे लिहिली असेल तर त्या घटकेस आज्ञावली भलतेच उत्तर काढते. जे संगणक दिवाळीच्या सुट्टीखेरीज कधी बंदच होत नाहीत, त्यांच्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

या सर्व व्यवस्थेची गरज कशी उत्पन्न झाली तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. काचेच्या नळीचे जुने पडदे एकच चित्र तासन्तास दाखवीत राहिले तर आतील प्रस्फुरक थर झिजून त्या चित्राचा डाग कायमचा उमटे. तो टाळण्यासाठी हलत्या रेषांचे आणि पोहणाऱ्या माशांचे ‘स्क्रीनसेव्हर’ निघाले. त्यांनी पडदा वाचत असे, वीज वाचत नसे. उलट मासे पोहवण्यासाठी प्रोसेसर जागाच ठेवावा लागे, आणि हे ठाऊक नसल्यामुळे आजही काही दुकानांतून वीज वाचावी म्हणून स्क्रीनसेव्हर लावलेला आढळतो. खरा फेरबदल १९९२ साली झाला, जेव्हा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘एनर्जी स्टार’ ही निशाणी सुरू केली आणि तिचा पहिला मान संगणक व त्यांचे पडदे यांनाच दिला. पुढच्याच वर्षी पडद्याला तारेवरून ‘आता नीज’ असा हुकूम देण्याची सर्वमान्य पद्धत ठरली, आणि १९९६ अखेर इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी मिळून जी एसीपीआय नावाची तजवीज केली, तिच्यामुळे संपूर्ण यंत्राच्या निद्रेचा कारभार ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती आला. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, आणि त्यानुसार १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला.

आता पैशाचा हिशेब. धरून चालू की एक संगणक आणि त्याचा पडदा मिळून जागेपणी ७० वॉट वीज घेतात व झोपेत २ वॉट. दिवसाकाठी माणूस तीन तास जागेवर नसतो, आणि रात्री कार्यालय मिटल्यावर बारा तास यंत्र तसेच चालू राहते. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर या पंधरा रिकाम्या तासांत जागे राहण्याचे ३१५ युनिट होतात, आणि निजण्याचे अवघे ९. दहा संगणकांच्या कार्यालयात हा फरक वर्षाला ३,०६० युनिटांचा. भारतात एक युनिट वीज निर्माण होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे त्या एका छोट्या कार्यालयाच्या रिकाम्या खुर्च्यांपायी दोन टनांहून अधिक वायू आकाशात चढतो. शिवाय संगणकाने घेतलेली वीज अखेरीस उष्णताच होते. सुरतेच्या उन्हाळ्यात ती उष्णता खोलीबाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्राला आणखी वीज जाळावी लागते, ती या हिशेबात मी धरलेलीच नाही. खानदेशातून वाहत येणाऱ्या तापीवर उधन्याच्या पूर्वेस उकाईचे धरण आहे. १९७२ साली बांधून झालेल्या त्या धरणावरील वीजगृहाची क्षमता सुमारे ३०० मेगावॉट आहे. परंतु आपल्या देशातील विजेचा सर्वांत मोठा वाटा आजही कोळशाचाच आहे, आणि कोळशाच्या बाबतीत वाया गेलेले युनिट परत मिळत नाही.

ज्या ठिकाणी अनेक चांगले आज्ञावलीकार चुकतात, ते ठिकाण आता येते. माणूस गेला की नाही हे पाहण्यासाठी आज्ञावलीत एक पहारेकरी नेमावा लागतो, आणि नवख्याच्या हातून तो असा नेमला जातो की दर सेकंदास, प्रसंगी सेकंदात दहा वेळा, तो उठून नोंदवही पाहतो. याचा परिणाम समजण्यासाठी प्रोसेसरची झोप समजली पाहिजे. काम नसले की आधुनिक प्रोसेसर आपल्या भागांची वीज पायरीपायरीने तोडत खोल निद्रेत उतरतो. पण जितकी निद्रा खोल तितका तीत उतरण्यास व तीतून वर येण्यास वेळ आणि वीज अधिक लागते, म्हणून झोप पुरेशी लांब असेल तरच तिचा लाभ होतो. पूर्वी लिनक्ससारख्या सिस्टीमचा स्वतःचाच ठोका सेकंदास शंभर ते हजार वेळा पडत असे; २००७ साली लिनक्सच्या २.६.२१ या आवृत्तीत काम नसताना हा ठोकाच बंद ठेवण्याची व्यवस्था आली, आणि त्याच सुमारास इंटेलने ‘पॉवरटॉप’ नावाचे साधन प्रसिद्ध केले, ज्यात कोणती आज्ञावली प्रोसेसरला सेकंदास किती वेळा उठवते हे नावानिशी दिसू लागले. पहारेकऱ्याने निजलेल्या माणसाला दर घटकेला हलवून ‘झोप लागली का?’ असे विचारावे, तद्वत वीज वाचवण्यासाठी लिहिलेला भागच यंत्राची झोप मोडीत असतो.

यावर कित्येकांना सुचणारा उपाय असा, की प्रत्येक हालचालीसरशी दहा मिनिटांचा गजर मोडून नव्याने लावावा. हालचाल थांबली की गजर आपोआप वाजेल. हाही मार्ग बरा नव्हे, कारण साधा माउस हलत असताना सेकंदास १२५ वेळा आपली जागा कळवतो, आणि तितक्या वेळा गजर मोडून लावणे हे काम करणाऱ्या माणसाच्या वाटेतील व्यर्थ खटाटोप होय. योग्य रीत त्या दोहोंहून साधी आहे. दहा मिनिटांचा गजर एकदाच लावावा आणि निजावे. तो वाजला म्हणजे नोंदवही पाहावी. शेवटची हालचाल तीन मिनिटांपूर्वीची आढळली, तर माणूस आहे असे समजून उरलेल्या सात मिनिटांचा गजर लावावा आणि पुन्हा निजावे. दर सेकंदास पाहणारा पहारेकरी दहा मिनिटांत ६०० वेळा उठतो. हा एखाद-दोनदा उठतो, आणि मुदत संपल्याचे त्यालाही तितक्याच अचूकपणे कळते. त्यातही ‘माझा गजर नेमक्या याच क्षणी वाजावा असा माझा आग्रह नाही, थोडा मागेपुढे झाला तरी चालेल’ असे आज्ञावलीने सांगून ठेवले, तर अनेक आज्ञावल्यांचे गजर एकाच वेळी वाजवून प्रोसेसरला एकदाच उठवण्याची सोय विंडोजमध्ये २००९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून आहे. मागावरची ती लटकणारी पट्टी मला या रीतीत दिसते.

हाताची हजेरी घेताना खोट्या हजेरीपासूनही सावध राहावे लागते. शेजारच्या खात्यातील मागांच्या हादऱ्याने टेबल थरथरत असेल, तर प्रकाशावर चालणारा माउस कधी कधी ती थरथर हालचाल म्हणून कळवतो, आणि माणूस घरी जाऊन जेवून निजला तरी यंत्राच्या लेखी तो कामावर हजरच असतो. दुसरा प्रकार आज्ञावलीच्या अंतरंगातला आहे: विंडोजमध्ये बाणाखालची एखादी खिडकी उघडली वा मिटली, तर माउस तसूभरही न हलता ‘माउस हलला’ असा संदेश येऊ शकतो. म्हणून आज्ञावली स्वतःच्या पडद्यापुरती स्तब्धता मोजत असेल, तर तिने संदेश आला एवढ्यावर विश्वास न ठेवता बाणाची जुनी जागा आणि नवी जागा यांची तुलना करावी, आणि दोन-चार ठिपक्यांचा फरक सोडून द्यावा.

खोट्या हजेरीइतकीच खोटी गैरहजेरीही घातक असते. नक्षीकार कधी कधी पाच-सात मिनिटे पडद्याकडे एकटक पाहत बसतो. फुलाचे आवर्तन काठाशी कोठे मोडते हे तो डोळ्यांनी शोधीत असतो, आणि त्या वेळी त्याचा हात स्वस्थ असतो. तसेच माणूस खरोखर गेला तरी यंत्राचे काम संपलेले असतेच असे नाही: डिजिटल छपाईच्या यंत्रास रात्रभर चित्र पुरवणारा संगणक मध्येच निजला तर छपाई अडते आणि कापडावर आडवा पट्टा उमटून माल बाद होतो. या अडचणीसाठी सिस्टीमने आज्ञावलीस एक अधिकार दिला आहे. विंडोजमध्ये ‘सेट-थ्रेड-एक्झिक्यूशन-स्टेट’ या नावाने ती असे जाहीर करू शकते की माझे काम चालू आहे, तोवर यंत्रास निजवू नये. हे जाहीर करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची मुभा आहे, आणि तिचा उपयोग करणे हे आज्ञावलीकाराच्या विवेकाचे काम आहे: चलच्चित्र पाहणाऱ्यासाठी पडदाही जागा हवा, पण रात्रीच्या छपाईसाठी केवळ यंत्र जागे हवे, पडदा खुशाल अंधारात जावा. काम संपताच हा अधिकार परत करणे हेही तितकेच अगत्याचे. मागून घेतलेली जागरणाची परवानगी परत न करणाऱ्या एका आज्ञावलीपायी संबंध यंत्र रात्रभर जागे राहते, आणि मालक मात्र आपण निद्रेची मुदत नीट लावली होती म्हणून बुचकळ्यात पडतो. अशा वेळी विंडोजमध्ये ‘पॉवर-सीएफजी’ या आज्ञेस ‘रिक्वेस्ट्स’ची विचारणा केली, की यंत्रास कोणी जागे ठेवले आहे त्याची यादी समोर येते.

चांगली आज्ञावली संपूर्ण निद्रेची वाटही पाहत बसत नाही. मिनिटभर हात हलला नाही की ती आपली हलती चित्रे थांबवते, आणि खिडकी झाकली गेली तर काहीच रंगवीत नाही. विंडोजमध्ये अक्षरांपाशी लुकलुकणारी उभी रेघदेखील पाच सेकंद कळ दाबली गेली नाही की लुकलुकणे थांबवून स्थिर होते; एवढ्याशा रेघेसाठी प्रोसेसरला उठवू नये इतका बारीक विचार तिच्यामागे आहे. आणि अखेरीस यंत्र निजण्याची वेळ आलीच, तर सिस्टीम प्रत्येक आज्ञावलीस तसे कळवून आवराआवरीसाठी सुमारे दोन सेकंद देते. ज्या आज्ञावलीने तोवर अर्धवट काम जतन करून ठेवलेले नाही, तिच्यावर एकदा का कारागिराचा विश्वास उडाला, की तो निद्रेची सोयच बंद करून टाकतो, आणि मग वीज वाचवण्याचे सारे शास्त्र तेथे निरुपयोगी ठरते.

याच नोंदवहीचा जो दुसरा उपयोग आता होऊ लागला आहे, त्याविषयी मला तीव्रपणे वाटते. हात किती वेळ स्तब्ध होता याचे आकडे गोळा करून त्यावरून माणसाने किती काम केले ते ठरवणाऱ्या, आणि प्रसंगी त्याच्या पगारास कात्री लावणाऱ्या आज्ञावल्या बाजारात आहेत. ज्या नोंदीवरून यंत्राने आपला दिवा मालवावा की नाही एवढेच ठरवावयाचे, त्या नोंदीवरून माणसाची किंमत ठरवणे हा शुद्ध अन्याय आहे, कारण विचार करणारा, पाहणारा, खाली जाऊन रंग तपासणारा, नवख्या सोबत्यास शिकवणारा माणूस त्या नोंदीत कोठेच दिसत नाही. स्तब्धता ओळखण्यास कोणती कळ दाबली हे कळण्याची गरज नाही, केव्हा दाबली हेही कोणाच्या दप्तरी कायम ठेवण्याची गरज नाही. शेवटची एक वेळ पुरते, आणि नवी हालचाल झाली की जुनी वेळ पुसली जावी, हेच त्या रचनेचे सौजन्य आहे.

उधन्याच्या ज्या मुलांनी आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण घेतले आहे, त्यांना माझे सांगणे आहे की आपल्या आज्ञावलीतील पहारेकरी एकदा उघडून पाहावा, आणि तो दर सेकंदास उठत असेल तर त्याला निजण्यास शिकवावे. कार्यालयांच्या चालकांना विनंती एवढीच, की आज संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी प्रत्येक संगणकाच्या वीजविषयक तजविजीत पडद्याची मुदत दहा मिनिटे आणि यंत्राच्या निद्रेची मुदत तीस मिनिटे करावी, स्क्रीनसेव्हर काढून टाकावा, आणि रात्रीची छपाई चालवणारा संगणक तेवढा वेगळा ठेवावा. प्रत्येक यंत्रामागे या कामास दोन मिनिटे लागतात.